पाप सांगितलं की हिशेब मिटला?

नाताळच्या सुमारास एक समज हमखास फिरतो: कॅथलिक माणूस धर्मगुरूला पाप सांगतो, क्षमा घेतो आणि पुन्हा तेच करायला मोकळा होतो.

तसं नाही. पापनिवेदनाला, म्हणजे कोकणीतल्या कुमसाराला, आधी खरा पश्चात्ताप लागतो आणि ते पाप पुन्हा न करण्याचा निश्चयही. तो मनात नसेल, तर उच्चारलेली क्षमा लागूच पडत नाही. शिवाय धर्मगुरूंनी दिलेलं प्रायश्चित्त पार पाडायचं असतं. आणि चोरलेले पाच हजार? ते ज्याचे त्याला परत करायचे. कुणाची बदनामी केली असेल, तर तीही निस्तरायची. नेमकी हीच बाजू फारशी सांगितली जात नाही.

पडताळायचं तर कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद १४५९ पाहा. किंवा बायबलमधलं लूक १९:८ वाचा. जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत करायला तयार होतो. पुढच्याच वचनात येशू त्याच्या घराला तारण मिळाल्याचं सांगतो.