प्रयोगशाळा-वैद्यकातील जीवनीतिशास्त्राचे अध्यापन

विकृतिशास्त्र, जीवरसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र यांच्या तीन वर्षांच्या एम.डी. अभ्यासक्रमात निवासी डॉक्टरांना नैतिक निर्णयांचे जे शिक्षण दिले जाते, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. एम.बी.बी.एस.ला ‘एटकॉम’ हा वृत्ती, नीती व संवादाचा भाग २०१९ पासून आला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही नीतिशास्त्राचा अभ्यासक्रम बंधनकारक केला.

वॉर्डातील डॉक्टरासमोर रुग्ण असतो, तर प्रयोगशाळेत समोर असते ती बारकोड लावलेली नळी. त्यामुळे इथला नैतिक प्रश्न बहुधा तांत्रिक अडचणीच्या रूपाने येतो. नवजात बालकाच्या नमुन्याचा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) लालसर दिसतो आणि पोटॅशियम ६.८ मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे चिंता वाटावी इतके जास्त येते. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतील पोटॅशियम बाहेर येऊन आकडा वाढतो. तो तसाच कळवला तर नसलेल्या विकारावर उपचार होतील, नमुना नाकारला तर बाळाला पुन्हा सुई टोचावी लागेल, आणि अंदाजाने आकडा कमी करणे हा तर सरळ खोटेपणा. पोटॅशियम खरोखरच वाढलेले असण्याचीही शक्यता उरते. म्हणून ताबडतोब वॉर्डात फोन करून शंका स्पष्ट सांगणे व नवा नमुना मागणे, एवढे तरी निवासी डॉक्टराच्या अंगवळणी पडावे लागते. हे व्याख्यानाने साधत नाही. यंत्राशेजारी उभे राहूनच शिकवावे लागते.

बडोद्याचे वैद्यकीय महाविद्यालय १९४९ मध्ये स्थापन झाले आणि सर सयाजीराव जनरल रुग्णालय त्याला संलग्न आहे. या शहरातील मराठी समाज जुना आणि एकमेकांच्या ओळखीचा. दांडिया बाजारातील घरातून आलेल्या निवासी डॉक्टराला सोयरीक जुळवताना एखाद्या काकू सहज म्हणतात, ‘‘तू लॅबमध्येच आहेस ना, मुलाचा रिपोर्ट जरा बघून सांग.’’ २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने चाचणीपूर्वी माहितीपूर्ण संमती आणि निष्कर्षाची गुप्तता आवश्यक ठरवली आहे. पण काकूंना न दुखावता नकार कसा द्यावा, हे कायद्यात सापडत नाही. वर्गात हा प्रसंग दोघांनी करून पाहिल्यास कलमे पाठ करण्यापेक्षा अधिक उपयोग होतो.

प्रबंधाच्या वेळी फ्रीजरमधील उरलेल्या सीरमचा मोह पडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ओळख पुसलेल्या अशा नमुन्यांसाठी संमतीतून सूट मिळू शकते, मात्र ती नीतिशास्त्र समितीने द्यायची असते, संशोधकाने स्वतःच गृहीत धरायची नसते. १९५१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कर्करुग्ण स्त्रीच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्यांपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या ‘हीला’ पेशींचे हे उदाहरण वर्गात हटकून येते. बडोद्यात संमतिपत्र गुजरातीत असले, तरी आजी मराठीत विचारतात, ‘‘एवढं रक्त कशाला काढता?’’ उत्तरही त्याच भाषेत द्यावे लागते.

मूल्यमापन हा दुबळा भाग आहे. लेखी परीक्षेत नियम विचारता येतात; प्रात्यक्षिकात मात्र नाव आणि बारकोड न जुळणारी नळी मुद्दाम ठेवली, तर उमेदवार ती बाजूला काढून नोंद करतो की गुपचूप चाचणी लावतो, हे परीक्षकाला प्रत्यक्ष पाहता येते.