डीएनए-धागा विस्थापन

डीएनएची प्रत तयार होताना वाटेत येणारा जुना धागा बाजूला सारत नवा धागा जोडत जाण्याची काही डीएनए पॉलिमरेज विकरांची क्षमता. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी शाळेतून दहावी झालेली मुले पीयूसीला (कर्नाटकातील अकरावी-बारावीला) विज्ञान घेतात, तेव्हा हेलिकेज हे विकर पीळ उलगडते आणि पॉलिमरेज मागून जोडत येते, अशी कामाची वाटणी त्यांच्या मनात पक्की बसते. बहुतेक पेशींत घडतेही तसेच. मात्र काही पॉलिमरेज दोन्ही कामे एकट्याने उरकतात, आणि हे बळ त्यांच्या घडणीतून येते.

पॉलिमरेजच्या रचनेचे वर्णन उजव्या हाताच्या भाषेत करतात. तळव्यात धातूच्या आयनांच्या मदतीने न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएच्या धाग्याचा एकेक दुवा, जोडले जाते, योग्य न्यूक्लिओटाइड आले की बोटे मिटतात, आणि अंगठा नुकताच तयार झालेला दुपदरी भाग धरून ठेवतो. ही हाताची ठेवण १९८५ मध्ये टॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने क्लेनोव्ह खंडाच्या (ई. कोलाय जिवाणूच्या पॉलिमरेज-१ च्या एका तुकड्याच्या) रचनेतून दाखवली.

विस्थापनाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे फाय-२९ या जिवाणुभक्षक विषाणूचे पॉलिमरेज. माद्रिदमध्ये मार्गारिता सालास यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला; रचना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात टीपीआर-२ नावाची एक जादा घडी आहे. ती शेजारच्या भागांशी मिळून साचा-धाग्याभोवती, म्हणजे ज्याची प्रत काढायची त्या धाग्याभोवती, बोगदा तयार करते. बोगद्याची रुंदी सुमारे १ नॅनोमीटर, तर दुपदरी डीएनएची जाडी सुमारे २ नॅनोमीटर. शहापूर-वडगावच्या विणकरांना हे सांगावे लागणार नाही : नेढ्यात एकच पदर मावत असेल, तर दुसरा बाहेरच राहणार. साचा आत ओढला जातो आणि जोडीचा धागा बोगद्याच्या तोंडाशीच सोलला जातो. त्यासाठी वेगळे एटीपी (पेशीचे ऊर्जा-चलन) खर्च होत नाही. न्यूक्लिओटाइड जोडले जाताना मिळणारी ऊर्जा पुरते. हीच घडी डीएनएला वेढून राहत असल्याने विकर सुटत नाही आणि एका दमात ७०,००० हून अधिक न्यूक्लिओटाइड जोडते. टीपीआर-२ काढून टाकली, तेव्हा विस्थापन आणि ही चिकाटी दोन्ही गेली. आकार हेच इथले यंत्र आहे, याचा इतका नेमका पुरावा क्वचित मिळतो.

उष्णता सोसणारे टॅक पॉलिमरेज समोरचा धागा सारण्याऐवजी कापत जाते. ई. कोलायच्या पॉलिमरेज-१ चेही तसेच. त्याचा कापणारा भाग वेगळा केल्यावर उरणारा क्लेनोव्ह खंड मात्र धागा सारतो. आपल्या पेशींतील पॉलिमरेज डेल्टा पुढच्या तुकड्याचे टोक थोडेसेच उचलते आणि एफईएन-१ हे दुसरे विकर ते छाटते.

बीएसटी या उष्णताप्रिय जिवाणूच्या पॉलिमरेजच्या मोठ्या खंडातही विस्थापनाची ताकद आहे. त्यावर उभी असलेली लॅम्प ही डीएनए ओळखण्याची चाचणी २००० मध्ये मांडली गेली. धागे सुटे करायला पीसीआर या डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या नेहमीच्या पद्धतीसारखे दर फेरीला ९५ अंशांपर्यंत तापवावे लागत नाही. ६० ते ६५ अंशांचे एकच तापमान पुरते, निकालही साधारण तासाभरात मिळतो. बेळगाव जिल्ह्यासारख्या ऊसपट्ट्यात याचे मोल मोठे. उसाचा गवताळ वाढ रोग फायटोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होतो आणि रोगट बेण्यातून पुढच्या लागणीत जातो. लक्षणे दिसेपर्यंत बेणे जमिनीत गेलेले असते. कांडी लावण्यापूर्वीच त्यातला रोगकारकाचा डीएनए या पद्धतीने ओळखता येतो.