केतकरांचा ब्रह्मा आणि न सापडलेला नववा ग्रह

परवा ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर नवव्या ग्रहाचा विषय निघाला. कुणीतरी फोनवर बातमी दाखवली आणि शेजारचे काका लगेच म्हणाले, “अहो, प्लुटो आपल्या केतकरांनी आधीच शोधला होता. नाव मात्र गोऱ्यांचं झालं.” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. त्यात खरं किती आणि चढवलेलं किती, हे बघायचं तर थोडं मागे जावं लागतं.

१७८१ मध्ये विल्यम हर्शेलला युरेनस सापडला. पण पुढची साठेक वर्षं तो कोष्टकांप्रमाणे चालेना. कधी पुढे, कधी मागे. पॅरिसच्या ल व्हेरिएने हिशेब मांडला की पलीकडून कुणीतरी त्याला ओढतंय, आणि ते कुठे असेल तेही सांगितलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये गालने दुर्बीण तिकडे वळवली, तर सांगितल्या जागेपासून एक अंशाच्या आतच नेपच्यून! मग हीच युक्ती ल व्हेरिएने बुधावर चालवली. बुधाची कक्षा शतकात हिशेबापेक्षा ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जास्त सरकते, म्हणून १८५९ मध्ये त्याने सूर्याजवळ आणखी एक ग्रह असल्याचं मांडलं. नावही ठरलं, व्हल्कन. काहींना तो ‘दिसला’सुद्धा. १९१५ मध्ये आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणाचं गणितच नव्याने मांडलं आणि त्या ४३ विकलांचा हिशेब ग्रहाशिवाय लागला. माणूस तोच, रीत तीच. एकदा ग्रह मिळाला, दुसऱ्यांदा नियमच बदलावे लागले.

पंचांगाचं गणित करणारे व्यंकटेश बापूजी केतकर यांचा लेख मधल्या काळातला, १९११ चा. फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत तो छापून आला. गुरूच्या आतल्या तीन मोठ्या उपग्रहांच्या प्रदक्षिणाकाळांत १:२:४ असं नातं आहे. तसंच काही नातं युरेनस, नेपच्यून आणि त्यापलीकडच्या ग्रहांतही असावं, असं धरून त्यांनी दोन ग्रह सुचवले: ब्रह्मा आणि विष्णू. पृथ्वी ते सूर्य हे अंतर १ धरलं, तर ब्रह्मा ३८.९५ वर आणि त्याची प्रदक्षिणा २४२.२८ वर्षांची. प्लुटोचे प्रत्यक्ष आकडे आहेत साधारण ३९.५ आणि २४८ वर्षं. इतके जवळचे आकडे बघून कुणाचीही छाती फुगेल.

पण तो ग्रह आकाशात नेमका कुठे शोधायचा, हे केतकरांनी सांगितलंच नव्हतं. ठाण्याहून गाडी दर किती मिनिटांनी सुटते ते सांगायचं आणि प्लॅटफॉर्म सांगायचा नाही, तसं. तेव्हा ‘शोधला’ हा शब्द काही बसत नाही. मला तर वाटतं, केतकरांचं मोठेपण प्लुटोत शोधणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे. ते पंचांगात आहे. आकाशात प्रत्यक्ष दिसेल तेच गणितात यावं म्हणून त्यांनी करणग्रंथ, म्हणजे पंचांगाच्या गणिताची पुस्तकं, लिहिली आणि चित्रा ताऱ्यावरून राशिचक्राचा आरंभ ठरवणाऱ्या चित्रापक्षाची बाजू लावून धरली. आज आपल्याकडची बहुतेक पंचांगं चित्रापक्षाचीच आहेत. टिळक पंचांग हा आरंभ वेगळ्या ठिकाणी धरतं, म्हणून एखाद्या वर्षी अधिक मासाच्या फरकामुळे काही घरांत गणपती महिनाभर आधी येतो आणि सोसायटीभर चर्चा होते.

तिकडे अमेरिकेत, नेपच्यून धरूनही युरेनसच्या हिशेबात थोडी तफावत उरते म्हणून, पर्सिव्हल लोवेल पृथ्वीच्या साडेसहापट वजनाचा ‘ग्रह एक्स’ शोधत होता. तो १९१६ मध्ये गेला, शोध मात्र त्याच्या वेधशाळेने चालू ठेवला. क्लाइड टॉमबॉ हा शेतकऱ्याचा मुलगा एका यंत्रात छायाचित्रांच्या दोन काचा लावून बसायचा. आकाशाचा तोच तुकडा, सहा दिवसांच्या अंतराने टिपलेला. खटका दाबला की एक काच, पुन्हा दाबला की दुसरी. हजारो तारे जागच्या जागी आणि त्यांत एखादा ठिपका हलतोय का, एवढंच बघायचं. १८ फेब्रुवारी १९३० ला मिथुन राशीच्या काचांवर एक ठिपका तीनेक मिलिमीटर उडी मारताना दिसला. त्याच वर्षी केतकर वारले.

प्लुटोचं वजन बरीच वर्षं अंदाजावर होतं. १९७८ मध्ये जेम्स क्रिस्टीला छायाचित्रांत प्लुटोला एका बाजूने टेंगूळ आल्यासारखं दिसलं. तो होता त्याचा उपग्रह शॅरन. त्यावरून वजन निघालं आपल्या चंद्राच्या सहाव्या भागाएवढं. एवढासा गोळा युरेनसला काय ओढणार? मग व्हॉयेजर २ १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेलं आणि नेपच्यूनचं वजन नीट कळलं. ते घालून १९९३ मध्ये माइल्स स्टँडिशने हिशेब पुन्हा केला, तर युरेनसची उरलेली तफावतच नाहीशी झाली. म्हणजे लोवेलचा ग्रह एक्स नव्हताच. प्लुटो सापडला तो टॉमबॉच्या चिकाटीने.

पुढचं लोकांना माहीत आहे. १९९२ पासून नेपच्यूनपलीकडे गोळेच गोळे सापडत गेले, २००५ मध्ये एरिस आला आणि २००६ मध्ये प्राग इथे प्लुटोला बटुग्रहांत बसवलं.

आजचा नववा ग्रह २०१६ चा. बॅटिगिन आणि ब्राउन यांना सहा दूरच्या गोळ्यांच्या कक्षा एकाच बाजूला झुकलेल्या दिसल्या, म्हणून त्यांनी पृथ्वीच्या दहापट वजनाचा ग्रह कल्पिला. विरोधकांचं म्हणणं असं, की दुर्बिणी जिथे रोखल्या तिथलेच गोळे सापडणार. ठाण्यात जून ते सप्टेंबर आकाश दिसतच नाही. फक्त थंडीतल्या नोंदी ठेवल्या तर संध्याकाळी मृग नक्षत्रच उगवतं असं वाटेल. २०२५ मध्ये जाहीर झालेले ‘२०१७ ओएफ२०१’ आणि ‘२०२३ केक्यू१४’ हे दोन्ही गोळे त्या झुकावात बसत नाहीत. चिलीतल्या रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रंही त्याच वर्षी आली. तीही तेच आकाश पुन्हा पुन्हा टिपून हललेला ठिपका शोधणार, फक्त आता खटका संगणक दाबणार.

हे सगळं ऐकून काकांनी चहा संपवला आणि विचारलं, “बरं, ब्रह्मा सोडा. विष्णूचं काय झालं?”

केतकरांनी विष्णूचं अंतर ५९.५७ दिलं होतं. तिथे आजवर कुठलाही ग्रह सापडलेला नाही.