ब्रेक आपोआप का लागतो? रेसिंग स्टिअरिंग आणि पेडलची पार्श्वभूमी

गाडी सरळ धावतेय, पाय ब्रेकपासून लांब आहे, तरी स्क्रीनवर ब्रेकची पट्टी मध्येच थरथरते. सिम रेसिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी गाडी पळवण्याचा खेळ, करणाऱ्या बहुतेकांना हा त्रास कधी ना कधी होतो. त्याचं मूळ फार जुनं आहे.

स्टिअरिंग आणि पेडलवर चालणारा खेळ अटारीने 1974 मध्येच 'ग्रॅन ट्रॅक 10' या आर्केड मशीनमधून आणला होता. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र स्टिअरिंगला जॉयस्टिकच्या जागेत शिरावं लागलं. आयबीएम पीसीसोबत 1981 मध्ये आलेल्या 15 पिनांच्या गेमपोर्टला थेट आकडा कळत नसे. स्टिअरिंग किंवा पेडलमधला पोटेन्शिओमीटर (फिरवला की विद्युतरोध बदलणारा भाग) फिरला की विद्युतरोध बदले, त्यानुसार कपॅसिटर भरायला कमी-जास्त वेळ लागे आणि प्रोग्रॅम तो वेळ मोजत बसे. प्रोसेसर वेगवान झाला की मोजणी बदलायची, म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे मोजणी नव्याने जुळवून घेणं, पुन्हा पुन्हा करावं लागे. त्यात अनेक संचांमध्ये अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच अक्षावर जोडलेले असत. दोन्ही एकदम दाबले की एकमेकांना खोडून काढत, त्यामुळे डाव्या पायाने ब्रेक दाबत वळण घेण्याचा सराव अशा संचावर शक्यच नव्हता. माझ्या मते त्या काळातली सर्वांत मोठी उणीव हीच.

1996 मध्ये यूएसबी आलं आणि मोजणीचं काम स्टिअरिंगच्या आतल्या सर्किटकडे गेलं. 'हार्ड ड्रायव्हिन'ने 1989 मध्ये आर्केडमध्ये दाखवलेला फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटरने हाताला जाणवणारा स्टिअरिंगचा जोर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घरात पोहोचला. लॉजिटेकच्या जी25 ने 2006 मध्ये 900 अंश फिरणारं स्टिअरिंग, क्लच आणि सहा गिअरचा शिफ्टर एकत्र दिला.

पेडलमध्ये मात्र पोटेन्शिओमीटर तसाच राहिला. त्यात कार्बनच्या पट्टीवर धातूची पाती घासत सरकते. पट्टीवर धूळ बसली किंवा ती झिजली की संपर्क तुटक होतो आणि ब्रेक थरथरतो. अशा वेळी यूएसबी आणि वीज दोन्ही काढून पेडल उघडायचं, पॉटमध्ये (पोटेन्शिओमीटरमध्ये) थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर, म्हणजे विजेचे संपर्क साफ करणारा फवारा, मारायचा, पेडल अनेकदा दाबून सोडायचं आणि पूर्ण सुकल्यावरच पुन्हा जोडायचं. डब्ल्यूडी-40 ची नेहमीची बाटली इथे वापरू नये. पट्टी झिजलेलीच असेल तर हा आराम तात्पुरता ठरतो, पॉट बदलावाच लागतो. लॉजिटेकच्या जी25 ते जी29 या संचांत पेडलची वायर कॉम्प्युटरला न जाता नऊ पिनांच्या प्लगने स्टिअरिंगलाच जोडली जाते, त्यामुळे पॉट उघडण्याआधी तो प्लग सैल झालाय का ते बघावं.

पॉटऐवजी वापरला जाणारा, चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर घासतच नाही, त्यामुळे तो असा झिजत नाही. लोड सेल हा दुसरा सेन्सर, पेडल किती खाली गेलं ते न मोजता पायाचा जोर मोजतो, म्हणून त्याचा ब्रेक खऱ्या गाडीच्या जवळ जातो. पण इतका जोर लावायचा तर पेडल पक्क्या चौकटीला बोल्टने आवळलेलं हवं. नुसतं जमिनीवर ठेवलं तर ऐन वळणावर ते पुढे सरकतं.