नाण्याची झीज आणि गुणसूत्राचा नकाशा

दामोदर धर्मानंद कोसंबी म्हटलं की गोव्यात बहुतेकांना पणजीचा विचार महोत्सव आठवतो. २००८ साली तो सुरू झाला आणि त्यामुळे हे नाव घराघरांत पोचलं, हे मान्य. पण मनात उभा राहतो तो इतिहासकार. फटकळ, मार्क्सवादी, कुणाची भीडभाड न ठेवणारा. खरं तर इतिहास हा त्यांचा जोडधंदा. पोट चाललं ते गणितावर, आणि माझ्या मते समाजाच्या जास्त उपयोगी पडलं तेही गणितच.

जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी बौद्ध विद्येचे पंडित, मूळचे साखवाळचे. वडिलांबरोबर दामोदर १९१८ मध्ये अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. मग बनारस, अलीगढ, पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज आणि १९४५ पासून मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. चरित्र एवढं पुरे.

आधी नाण्यांकडे वळू. आपल्याकडची सर्वांत जुनी चांदीची नाणी म्हणजे आहत नाणी. त्यांच्यावर ना राजाचं नाव, ना साल. नुसते ठोकलेले ठसे: सूर्य, डोंगर, एखादा प्राणी. मग कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे ठरवायचं कसं? ठशांच्या अर्थावरून पंडितांचे वाद रंगले होते. कोसंबींनी तराजू काढला.

चलनातलं नाणं हातोहाती फिरताना झिजतं. एका नाण्यावरून काहीच कळत नाही, कारण मुळात प्रत्येक नाणं काही काटेकोर वजनाचं पाडलेलं नसतं. पण शेकडो नाणी तोलली की दोन गोष्टी दिसतात. काळ जाईल तसं सरासरी वजन उतरत जातं, आणि त्याच वेळी नाण्यानाण्यांतली तफावत वाढत जाते. एखादं नाणं रोज बाजार बघतं, दुसरं वर्षानुवर्षं मडक्यात पडून राहतं, म्हणून ही तफावत. हे पडताळायला कोसंबींनी स्वतःच्या काळातली चालू नाणीही ढिगांनी तोलली. त्यांच्यावर साल छापलेलं असतं, त्यामुळे हिशेब जुळतो की नाही हे लगेच कळे.

मग तक्षशिलेला १९२४ साली सापडलेला साठा त्यांनी घेतला. हजाराहून अधिक आहत नाणी, आणि सोबत अलेक्झांडरची दोन. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक खुणा होत्या, कुठे एक, कुठे चार, कुठे त्याहून जास्त. कोसंबींनी खुणांच्या संख्येनुसार नाण्यांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाचं सरासरी वजन काढलं. जितक्या खुणा जास्त, तितकं वजन कमी. त्यावरून त्यांनी अनुमान काढलं की या खुणा पारखणाऱ्यांच्या आहेत: ठरावीक काळाने नाणं तपासायचं आणि खूण मारून पुढे चालवायचं. राजाचं नाव नसलेल्या नाण्यावरून बाजार किती जोरात चालत होता हे वाचता येऊ लागलं. १९५६ मध्ये आलेल्या त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात राजवंशांच्या याद्यांपेक्षा नांगर, अवजारं आणि पिकं यांना मान मिळाला, त्यामागे हीच नजर आहे.

आता भाताकडे, पण आधी थोडं गुणसूत्रांविषयी. जीन गुणसूत्रावर एका ओळीत बसलेले असतात. जिवाच्या प्रजनन पेशी घडताना त्याला स्वतःच्या आईकडून आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं मध्येच तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन जीन जितके दूर, तितकी त्यांच्यामध्ये अदलाबदल होण्याची शक्यता जास्त. या हिशेबावर १९१३ साली अमेरिकेत पहिला अनुवंशिक नकाशा तयार झाला. अडचण अशी की दोनदा झालेली अदलाबदल दिसतच नाही. समजा, पेडण्याहून काणकोणला दोन बसगाड्या शेजारून निघाल्या. एक प्रवासी म्हापशाला दुसऱ्या गाडीत गेला आणि मडगावला परत पहिलीत आला. काणकोणला उभ्या असलेल्या माणसाला वाटेल, हा जागचा हललाच नाही. म्हणून मोजलेलं अंतर खऱ्यापेक्षा कमी भरतं.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर सूत्र दिलं. प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र, असं त्यांनी धरलं. पण प्रत्यक्षात नुकतीच गाडी बदललेला प्रवासी लगेच पुन्हा बदलत नाही. एक अदलाबदल झाली की तिच्या जवळपास दुसरी होणं कठीण जातं, लांबवर मात्र हा अडसर विरत जातो. कोसंबींनी १९४४ मध्ये, फर्ग्युसनला गणित शिकवत असताना, हा अडसर सूत्रात बसवला. लेख जेमतेम चार पानांचा.

फरक आकड्यांत बघा. १०० रोपांपैकी ३० मध्ये अदलाबदल दिसली, तर हॉल्डेनच्या सूत्राने नकाशावरचं अंतर ४५.८ एकक येतं, कोसंबींच्या सूत्राने ३४.७. दिसणारं प्रमाण शंभरात ५ असेल तर मात्र ५.३ आणि ५.०, म्हणजे फरक नगण्य. पिकांच्या नकाशांसाठी आज कोसंबींचं सूत्र सर्रास वापरतात. नकाशा काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ विचारलेलं असतं: हॉल्डेन की कोसंबी?

याचा शेतकऱ्याशी संबंध काय? आपल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांद घातलेल्या शेतात, बांद फुटला किंवा मानशीतून (पाण्याच्या दारातून) खारं पाणी आत आलं की साधं भात करपतं, कोरगुट हे इथलं भात तग धरतं. केरळच्या पोक्काळी भाताचंही तसंच. खार सोसण्याशी निगडित असा एक भाग भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर सापडला, त्याला सॉल्टॉल म्हणतात. असे भाग शोधले जातात ते याच प्रकारच्या नकाशांच्या आधारे. अशा भागाजवळची डीएनएमधली खूण हाती लागली की नवं वाण तयार करणाऱ्याला प्रत्येक रोप खाऱ्या शेतात लावून बघावं लागत नाही. कोवळ्या पानाचा डीएनए तपासून पुढचं ठरवता येतं. खूण ५ एककांवर असली तर शंभरातली पाचेक रोपं फसवतील, हेही आधीच कळतं. खाजनं राखणाऱ्या गावकरी पद्धतीवर कोसंबींनी स्वतः लिहिलं होतं, हा योगायोग मला तरी फार आवडतो.

१९४३ मधला त्यांचा आणखी एक लेख नुसता नमूद करतो. गुंतागुंतीच्या बदलत्या संकेताचे (सिग्नलचे) मोजके महत्त्वाचे घटक वेगळे काढण्याचं तंत्र त्यात होतं. चेहरे ओळखणं, माहिती आटोपशीर करणं अशा कामांत ते आज वापरलं जातं, पण बहुतेक ठिकाणी नाव असतं ते काही वर्षांनी तिथेच पोचलेल्या कारहुनेन आणि लोएव्ह यांचं. भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात, तेही महायुद्धाच्या धामधुमीत आलेला लेख युरोपात कोण वाचणार?

सगळंच काही सोन्याचं नव्हतं. १९५९ मध्ये रीमान गृहीतकाची, म्हणजे गणितातल्या एका प्रसिद्ध न सुटलेल्या कोड्याची, सिद्धता सापडल्याचा त्यांचा दावा चुकीचा ठरला, आणि तो छापला होता शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. गणितज्ञांमधली त्यांची पत त्याने घसरली. त्याच काळात अणुऊर्जेवर सगळा देश भाळलेला असताना ते तिच्या खर्चाचा हिशेब मागत होते आणि भारताला सौरऊर्जा जास्त परवडेल असं उघडपणे लिहीत होते. १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. चार वर्षांनी, २९ जून १९६६ रोजी, पुण्यात ते गेले. सौर पॅनेल तेव्हा मुख्यतः उपग्रहांवरच बसवली जात होती.