हंगरफर्ड

हंगरफर्ड : इंग्लंडमधील बर्कशर परगण्याच्या पश्चिम टोकाला, विल्टशरच्या सीमेलगत वसलेले सुमारे सहा हजार वस्तीचे बाजारपेठेचे गाव. जवळून केनेट आणि डन या नद्या वाहतात. १८१० मध्ये पूर्ण झालेला केनेट-एव्हन कालवा आणि १८४७ साली आलेली रेल्वे गावातूनच जातात. डिसेंबर १६८८ मध्ये ऑरेंजचा विल्यम (पुढे इंग्लंडचा राजा झालेला डच राजपुत्र) सैन्यासह लंडनकडे निघाला असता राजा दुसरा जेम्स याच्या दूतांशी त्याची बोलणी येथल्या ‘बेअर’ या सराईत झाली.

मध्ययुगात गाव लँकेस्टर घराण्याच्या जहागिरीत होते. चौदाव्या शतकात ड्यूक जॉन ऑफ गाँट याने गावकऱ्यांना नदीत मासे धरण्याचा हक्क दिला आणि खूण म्हणून एक शिंग दिले, असे परंपरा सांगते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात या हक्कावरून वाद पेटला. गावकऱ्यांनी तो नेटाने लढवला. पुढे पहिल्या जेम्सच्या कारकिर्दीत जहागीरच गावाच्या विश्वस्तांकडे आली. हंगरफर्डच्या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना हीच म्हणावी लागेल. इंग्लंडात ठिकठिकाणची गायराने कुंपणे पडून खाजगी झाली. इथले पोर्ट डाउन हे गायरान, फ्रीमन्स मार्शची पाणथळ कुरणे आणि ट्राउट माशांसाठी नावाजलेले नदीचे पट्टे मात्र आजही ‘टाउन अँड मॅनर ऑफ हंगरफर्ड’ या धर्मादाय न्यासाच्या ताब्यात आहेत.

न्यासाचा प्रमुख कॉन्स्टेबल. हा पोलीस नव्हे, गावाचा निवडलेला मुख्य मानकरी. त्याच्यासोबत पोर्टरीव्ह आणि बेलिफ हे जुन्या नावांचे अधिकारी, पाण्यावर देखरेख ठेवणारे, गायरानाचे राखणदार, एवढेच नव्हे तर बिअरची चव पारखणारेही नेमले जातात. या नेमणुका ईस्टरनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, ‘हॉकटाइड’च्या दिवशी, टाउन हॉलमध्ये भरणाऱ्या न्यायसभेत होतात. सकाळी शिंग फुंकून हक्कदारांना, म्हणजे कॉमनरांना, बोलावले जाते; न येणाऱ्याला एक पेनी दंड. त्याच वेळी ‘टटी-मेन’ म्हणवले जाणारे दोन मानकरी फुलांनी सजवलेल्या, टोकाला संत्रे खोचलेल्या काठ्या घेऊन घरोघर फिरतात, पेनी किंवा चुंबन मागतात आणि संत्री वाटतात. दुपारच्या मेजवानीत नवख्या पाहुण्यांच्या बुटात खिळा ठोकण्याचा विधी होतो. पाहुणा ‘पंच’ (मद्याचे एक पेय) असे ओरडेपर्यंत हातोडी थांबत नाही. हॉकटाइड एके काळी इंग्लंडभर पाळला जाई. बाकी गावांतून तो लोपला. पाहुण्यांचे लक्ष संत्र्यांकडे आणि चुंबनांकडे जाते, पण हा दिवस टिकला तो सभेपुढे जमीन आणि पाणी सांभाळण्याचे खरे काम असल्यामुळे.

१९ ऑगस्ट १९८७ रोजी एका बंदूकधाऱ्याने गावात १६ जणांचा बळी घेतला. या हत्याकांडानंतर १९८८ च्या कायद्याने ब्रिटनमधील शस्त्रपरवान्यांचे नियम कडक झाले.

रोजच्या नागरी कारभाराशी न्यासाचा संबंध नाही. शाळा, रस्ते, कचरा आणि बांधकाम परवानग्या वेस्ट बर्कशर कौन्सिलकडे आहेत. बर्कशरची परगणा कौन्सिल बरखास्त झाल्यावर १९९८ मध्ये हे अधिकार वेस्ट बर्कशर कौन्सिलकडे एकवटले. तिच्याखाली गावाची स्वतःची निवडून आलेली टाउन कौन्सिल असून तिच्या अध्यक्षाला मेयर म्हणतात. कॉमनरचा हक्क ठरावीक शंभरेक जुन्या घरांशीच जोडलेला आहे. त्यामुळे बहुसंख्य रहिवाशांना हॉकटाइडच्या सभेत मत नाही. ते टाउन कौन्सिलच्या निवडणुकीत आहे.