लेबनीज स्थलांतरितांच्या कादंबरीतील स्मृती आणि ओळख

लेबननमधून अमेरिका खंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया अशा दूरदेशी जाऊन राहिलेल्या लेखकांच्या व त्यांच्या वंशजांच्या कथात्म साहित्यातला हा मध्यवर्ती विषय. अशा परमुलखाला अरबीत ‘महजर’ म्हणतात. आपल्या ओळखीचा ‘हिजरी’ हा शब्द त्याच धातूतला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माउंट लेबनन या डोंगराळ प्रदेशातली माणसे मोठ्या संख्येने घर सोडू लागली. तेव्हा लेबनन नावाचा देश नव्हता. हे लोक ऑटोमन (तुर्की) साम्राज्याचे प्रजाजन, म्हणून ब्राझीलमध्ये त्यांना ‘तुर्को’ (तुर्क) हे नाव चिकटले. म्हणजे ओळखीचा पेच बंदरावरच सुरू झाला. अमीन रिहानी यांच्या ‘द बुक ऑफ खालिद’ (१९११) या इंग्रजी कादंबरीत लेबननमधल्या बालबेक गावचे दोन मित्र न्यूयॉर्कच्या एका तळघरात राहून ‘पवित्र भूमी’तल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वस्तू दारोदार विकतात. मायभूमी हाच इथे विक्रीचा माल होतो.

पुढच्या पिढ्यांकडे स्वतःची आठवण नसते, ऐकलेली असते. ब्राझीलचे लेखक मिल्तोन हातूम यांची ‘दोइस इर्माओस’ (दोन भाऊ, २०००) ही कादंबरी तिथल्या मनाउस शहरातल्या अशाच एका कुटुंबाची. जुळ्या भावांपैकी याकूबला लहानपणी लेबननला धाडले जाते. काही वर्षांनी तो परततो तेव्हा पोर्तुगीज बरीचशी विसरलेला असतो. अखेरच्या दिवसांत आई झाना विचारते, माझ्या मुलांचा समेट झाला का? विचारते ती अरबीत. घरातल्या मोजक्यांनाच कळावे म्हणून. आणि हे सारे सांगणारा आहे मोलकरणीचा मुलगा, ज्याला या दोघा भावांपैकी आपला बाप कोण हेच ठाऊक नाही. घराण्याची स्मृती जपण्याचे काम घराच्या उंबरठ्यावरच्या माणसाकडे सोपवणे, हे मला या साहित्यातले सर्वांत धाडसी पाऊल वाटते.

१९७५ ते १९९० या यादवी युद्धाने स्थलांतराची नवी लाट आली. १९९१ च्या सार्वत्रिक माफीच्या कायद्याने देशात त्या हिंसेवर एक प्रकारे पडदा टाकला. जे तिथे उघडपणे बोलले गेले नाही, त्यातले पुष्कळ कादंबरीत आले, पण सलगपणे नाही. रबीह अलामेद्दीन यांच्या ‘आय, द डिव्हाइन’मध्ये (२००१) बैरुतची सारा आपली जीवनकहाणी लिहायला बसते आणि पुन्हा पुन्हा पहिलेच प्रकरण लिहिते: कधी ‘मी’ म्हणून, कधी ‘ती’ म्हणून. दुसऱ्या प्रकरणापर्यंत ती पोचतच नाही. वडील लेबनीज, आई अमेरिकन, मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोला; सुरुवात नेमकी कुठून धरायची, हाच तिचा प्रश्न आहे.

भाषेची निवडही ओळखीचाच भाग ठरते. अमीन मालूफ १९७६ साली पॅरिसला गेले आणि फ्रेंचमध्ये लिहू लागले. त्याच शहरात राहून हुदा बरकात अरबीतच लिहीत राहिल्या. त्यांच्या ‘बरीद अल्-लैल’ (रात्रीची डाक) या कादंबरीला २०१९ चा आंतरराष्ट्रीय अरबी कादंबरी पुरस्कार मिळाला. तीत परागंदा माणसे पत्रे लिहितात. एकही पत्र पत्त्यावर पोचत नाही. ते अनोळखी माणसाच्या हाती पडते आणि तो स्वतःचे पत्र लिहायला घेतो.